गादीवरचा मैनुद्दीन

लक्ष्मी रोडवरच्या ज्या साडीच्या दुकानात मी एकतीस वर्षं काढली, त्याचं नाव मी सांगणार नाही. दुकान आता राहिलेलं नाही, आणि मालकीणबाईंच्या नातवंडांना उगाच वाईट वाटायला नको. मी जयसिंग, विश्रांतवाडीचा. घरी शेती होती, दोन म्हशी होत्या, त्यामुळे माझं अंग पहिल्यापासून दांडगं. मैनुद्दीन कसबा पेठेतला. त्याचे वडील भांड्यांना कल्हई करायचे. नवसागराच्या धुरात लहानपण गेलेलं. तो ताडमाड वाढला, पण त्यामुळे अंगावर मांस म्हणून धरलं नाही. चौसष्ट साली दिवाळी संपल्यावर आम्ही दोघं एकाच सकाळी त्या दुकानात नोकरी मागायला उभे राहिलो. तोवर आमची ओळखही नव्हती.

गल्ल्यावर सरोजिनीबाई बसायच्या. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं चालवलं होतं. त्यांनी आमचं शिक्षण विचारलं नाही, घरचं विचारलं नाही. एकदा मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एकदा त्याला पाहिलं, आणि दिवाणजींना म्हणाल्या, "हे वर. हे खाली." झाली मुलाखत. त्या दोन शब्दांत आमच्या दोघांच्या जन्माचा निकाल लागला, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

वर म्हणजे माळ्यावर. तिथं साड्यांचे गठ्ठे यायचे, ते सोडायचे, कप्प्यांत लावायचे, आणि खालून हाक आली की माळ्याच्या मधोमध जे चौकोनी भोक होतं त्यातून हवा तो माल खाली सोडायचा. त्याला दांडगा माणूस लागतो. खाली म्हणजे पांढऱ्या गादीवर. समोर गिऱ्हाइकं मांडी घालून बसायची आणि माल दाखवणारा उभा राहायचा. ज्यांनी त्या काळचे बस्ते पाहिलेत त्यांना सांगायला नको. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कपडे घ्यायला यायची, वीस-वीस जणं एका वेळी. नवरीला सगळ्यांसमोर शालू नेसवून बघायची सोय नव्हती. मग माल दाखवणारा माणूसच तो स्वतःला लावून दाखवायचा. पँटवर कमरेला नाडी बांधलेली असायची, तिच्यात एक टोक खोचायचं, भराभर निऱ्या घालायच्या, पदर डाव्या खांद्यावरून सोडायचा आणि अर्धं वळायचं.

बाईंचा नियम होता, "गिऱ्हाइकाला माणूस दिसता कामा नये. साडी दिसली पाहिजे." मैनुद्दीन खरोखरच दिसायचा नाही. नाकाखाली मिशी असलेला, जवळजवळ सहा फूट उंच असा बाप्या समोर शालू लावून उभा आहे, हे बायका विसरून जायच्या. कुणीतरी म्हणायचं, "काय खुलून दिसतोय गं रंग!" आणि त्याच्याकडे बघत नवरीच्या आईचे डोळे भरून यायचे. मी वरून भोकातून बघायचो. मला हसू यायचं, आणि मी जळायचोही. कारण आम्ही दोघं लागलो तेव्हा पगार सारखाच होता, आणि सहा वर्षांत त्याचा माझ्या दुपटीवर गेला. प्रत्येक बस्त्यामागं त्याला वेगळं मिळायचं. माझ्या अंगात त्याच्या तिप्पट ताकद होती, पण माझी पाठ कुणाला दिसत नव्हती, त्याची कंबर दिसत होती. मी त्याचा हेवा केला. खोटं कशाला बोलू?

गंमत म्हणजे याच शरीरानं त्याला आधी हाकलून लावलं होतं. एका कारखान्याच्या भरतीला तो गेला होता. तिथं वजन कमी भरणाऱ्याला परत पाठवायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळी दीड डझन केळी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायला, आणि काट्यावर उभा राहिला. तरी दीड किलो कमी भरलं. "आणि घरी येईपर्यंत ती केळी काही पोटात राहिली नाहीत," हे तो दरवेळी शेवटी सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा. दुपारी डबा खाताना हा किस्सा मी पन्नास वेळा तरी ऐकला असेल. तो डब्यातली दीड पोळी खायचा. उरलेली माझी. "तू खा रे जयसिंगराव, तुला कुठं नेसायचंय?" म्हणायचा. रमजानचे रोजे संपले तरी याचे काही संपत नाहीत, असं मी त्याला चिडवायचो. त्याला आपलं अंग राखणं हा कामाचाच भाग वाटायचा, जसा मला गठ्ठ्याची गाठ मारणं.

अठ्ठ्याहत्तर साली पावसाळ्यात त्याला दमा लागला. लहानपणी होता, मधे गेला होता, तो पुन्हा उलटला. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायची. जुबेदा, त्याची बायको, त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस. त्यांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, की बरं वाटलं म्हणून या मनानं बंद करायच्या नाहीत. एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल. आठवडाभरात शिट्टी थांबली. मैनुद्दीन खुशीत होता. म्हणाला, "दोन माळे चढून जाईन आता."

पण त्या गोळ्यांनी दुसरंच सुरू केलं. त्याला भूक लागायला लागली. पहिल्यांदा माझ्या डब्यातलं काही त्यानं मागून घेतलं तेव्हा मला आनंदच झाला. मग चेहरा भरला. मग नुसता भरला नाही, तो गोल झाला, गाल डोळ्यांपर्यंत चढले. हातपाय तसेच काडीसारखे, आणि पोट पुढं. नाडी बांधायला त्याला आता जास्त लांब दोरी लागायची. बाई गल्ल्यावरून बघायच्या. बाईंचं स्वतःचं वजन दोन माणसांचं होतं, पण गल्ल्यावर बसणाऱ्याचं वजन कोण मोजतो?

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत पिंपरीकडचं एक मोठं बस्त्याचं गिऱ्हाईक आलं. मैनुद्दीननं जांभळा शालू लावला, निऱ्या घातल्या, पदर सोडला आणि वळला. निऱ्या पोटावरून पुढं फुगल्या. नवरीची धाकटी बहीण खुदकन हसली आणि म्हणाली, "अगं ताई, हिला तर आठवा महिना लागलाय!" पहिल्यांदा कुणीच हसलं नाही. मग नवरी हसली. मग सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि थांबेचनात. मैनुद्दीनही हसला. शालू उतरवून त्यानं त्याची घडी घातली, दुसरा घेतला. पण हसणाऱ्या माणसांच्या हातून शालू घेतला जात नाही, हे धंद्यातल्या माणसाला कळतं. शेवटी नवरीच्या आईनं "जरा पुढं बघून येतो" म्हटलं आणि वीसच्या वीस माणसं उठून समोरच्या दुकानात गेली.

संध्याकाळी बाईंनी त्याला बोलावलं. मी भोकाशी बसून ऐकत होतो.

"मैनुद्दीन, आपण उद्यापासून वर बसा."

"बाई, औषधानं आलंय हे. जाईल."

"गेलं की खाली या." बाई पावत्या लावत होत्या. "वर बसणाऱ्याला वरचाच पगार असतो, हे आपल्याला ठाऊक असेलच."

त्याच्या जागी संभाजी आला. हा आधी काठ-फॉलच्या कपाटाशी असायचा. बांबूसारखा बारीक, वयानं बत्तीस, आणि निऱ्या अशा घालायचा की बघवत नव्हतं. पण पोट नव्हतं. आणि माझ्या शेजारी, मी पंधरा वर्षं एकट्यानं काढली त्या माळ्यावर, मैनुद्दीन येऊन बसला. एवढी वर्षं मी त्याचा हेवा केला होता. आता तो माझ्याएवढ्या पगारावर आला, तर मला बरं वाटायला हवं होतं. पहिल्या दिवशी तो धोतरजोड्यांच्या गठ्ठ्यावर बसून संभाजीच्या निऱ्या बघत राहिला, आणि मला त्याच्याकडे बघणं जमेना.

त्यानं जुबेदाला सांगितलं नाही. पगार कमी आला तर धंदा मंद आहे म्हणाला. सकाळी घरून इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि माळ्यावर येऊन तो उतरवून जुना सदरा चढवायचा. थोरली मुलगी शकीला त्या वर्षी अकरावीला होती. तिला पुढं शिकवायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, "अरे, घरी सांगून टाक एकदाचं." तो म्हणाला, "काय सांगू? जाडा झालो म्हणून पगार कापला? हसेल ती. दुसरं काही झालं असतं तर सांगितलं असतं."

माळा त्याला मानवत नव्हता. नव्या कापडाची खळ उडायची, डांबरगोळ्यांचा वास नाकात बसायचा, वर पत्रा. मला काही व्हायचं नाही. त्याला खोकला सुटायचा. मग डॉक्टर गोळी वाढवायचे, मग अंग आणखी सुजायचं, आणि अंग सुजलं की खाली जाणं आणखी लांब पडायचं. हे चक्र त्याच्या लक्षात माझ्याआधी आलं होतं.

ऑक्टोबरात मी त्याला पाण्याच्या पिंपाजवळच्या मोरीत गोळ्या टाकताना पाहिलं. डबीतून एकेक काढून टाकत होता, आणि वरून पाणी ओतत होता.

"हे काय करतोस?"

"महिना होईल. एकदम नाही सोडल्या, हळूहळू कमी केल्या. आता शेवटच्या." त्यानं गालाला हात लावला. "बघ, उतरलाय ना?"

उतरला होता. मला दिसत होतं, पण कशानं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, घेत राहा. डॉक्टरांना कुठं बस्ता दाखवायचाय?"

मी काय करायला हवं होतं ते आज मला स्पष्ट दिसतं. त्याच पावली कसबा पेठेत जाऊन जुबेदाला सांगायला हवं होतं. डॉक्टरांकडे त्याला बखोटीला धरून न्यायला हवं होतं, माझ्या अंगात तेवढी ताकद होती. मी काय केलं? मी म्हटलं, "बरं. पण तुळशीचं लग्न लागलं की दोन महिने काय ते कर, आणि संक्रांतीला परत सुरू कर. शब्द दे." त्यानं शब्द दिला. मला वाटलं, मी फार शहाणपणा केला.

दिवाळीपर्यंत तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. पहिल्यापेक्षाही बारीक. रात्री झोप लागत नाही एवढंच बोलायचा. आणि काय सांगू, जो भेटेल तो त्याचं कौतुक करत होता. दिवाणजी म्हणाले, "वा! काय खाता हो, आम्हालाही सांगा." समोरचा चहावाला म्हणाला, "नवरदेव दिसताय." मीसुद्धा म्हटलं, "आत्ता कसा आमचा मैनुद्दीन दिसतोय." आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाला हारतुरे घातले, आणि तो त्या हारतुऱ्यांनी इतका सुखावला की छातीतली शिट्टी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बोलताना मधेच थांबून खाकरायला शिकला.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी खालून हाक मारली. "मैनुद्दीन, खाली या. संभाजी, आपण फॉलच्या कपाटाशी." तो शिडी उतरला तेव्हा त्यानं इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. माळ्यावर आल्यावर तो उतरवणं त्यानं हल्ली बंद केलं होतं, कधीही बोलावतील म्हणून.

अठरा दिवस तो गादीवर होता. मी वरून बघायचो. साडी लावून वळला की बायकांचे तेच उद्गार, तेच डोळे. पण आता दोन साड्यांच्या मधे तो गिऱ्हाइकाकडे पाठ करायचा, आणि कप्प्यात काहीतरी शोधतोय असं दाखवत फळीला दोन्ही हात लावून उभा राहायचा. खालून ते कुणाला कळत नव्हतं. वरून त्याचे खांदे वरखाली होताना मला दिसायचे. मग मी माल मुद्दाम उशिरा सोडायचो. "सापडत नाही, थांबा," असं ओरडायचो, त्याला दोन श्वास जास्त मिळावेत म्हणून. अठराव्या दिवशी हडपसरचा मोठा बस्ता होता. त्यानं लागोपाठ अकरा शालू लावले. नवव्यानंतर मी असाच वेळ काढला, तर त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. ओठ निळसर दिसत होते. त्यानं हातानं खूण केली, लवकर सोड. मी सोडला.

बस्ता झाला. एवढी विक्री त्या हंगामात एका बैठकीत झाली नव्हती. बाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "छान." पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मैनुद्दीन जाताना शिडीखाली थांबला आणि वर बघून म्हणाला, "ऐकलंस ना रे?" मी म्हटलं, "ऐकलं, जा आता घरी, आराम कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, कामावर निघताना, सायकल बोळातून बाहेर काढता काढता त्याला धाप लागली. लोकांनी रिक्षात घातलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुकानात निरोप आला तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या, आणि मग पुन्हा बसल्या. शटर अर्धं ओढून ठेवलं होतं त्या दिवशी. संभाजी गादीवर होता.

तिसऱ्या दिवशी मी कसबा पेठेत गेलो. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्याचे भाऊ, नातेवाईक बसले होते. जुबेदा आतल्या खोलीत होती, दारावर पडदा होता. त्यांच्यात रीतच तशी होती, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस ती बाहेरच्या पुरुषांसमोर येणार नव्हती. शकीलानं मला दाराजवळ सतरंजी घातली आणि आत जाऊन बसली.

"जयसिंगभाई?" पडद्याआडून आवाज आला.

"हो भाभी."

"एक विचारायचंय. शेवटी ते कुठं होते? वर का खाली?"

मी चरकलो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. शर्ट इस्त्रीचाच असायचा, पण अंगाला डांबरगोळ्यांचा वास यायचा. गादीवरच्या माणसाला तो येत नाही. पंधरा वर्षं त्यांचे दुकानाचे कपडे धुतेय मी. त्यांना नव्हतं सांगायचं, म्हणून मी विचारलं नाही."

"खाली होते, भाभी. अठरा दिवस गादीवर होते. आदल्या दिवशी बाई स्वतः छान म्हणाल्या."

"मग बरं झालं," ती म्हणाली. ते ती इतक्या समाधानानं म्हणाली, की मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. तिच्या माणसाला ज्यानं मारलं, तेच ऐकून तिला बरं वाटत होतं.

बाहेर कुणीतरी कुराण पढत होतं. मग ती म्हणाली, "शेवटी शेवटी किती छान दिसायला लागले होते, नाही? मी म्हटलंही एकदा, अहो, तरणे दिसायला लागलात. लाजले होते." तिचा आवाज फुटला. "गोळ्यांची डबी रिकामीच असायची, जयसिंगभाई. नवी आणायचं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, आता लागत नाहीत, डॉक्टरांनीच बंद केल्या. खरं होतं का ते? तुम्हाला काही बोलले होते?"

शकीला पडद्याची कड धरून माझ्याकडे बघत होती. बापासारखीच उंच आणि बारीक. मी तिच्याकडे बघितलं आणि खाली सतरंजीकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो. "डॉक्टरांनीच बंद केल्या होत्या."

हे मी त्या दोघींसाठी बोललो, अशी मी माझी कितीतरी वर्षं समजूत घातली. नोकरीसाठी त्यानं जीव दिला हे त्यांना कळू नये म्हणून. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर जुबेदा नव्हती, शकीलाही नव्हती. मोरीजवळ उभा राहून मैनुद्दीनकडून संक्रांतीचा वायदा घेणारा मी होतो.

पडद्यामागं जुबेदानं डोळे पुसले असावेत, बांगड्या नसलेला हात कपड्याला घासल्याचा आवाज आला.

"मग त्या डॉक्टरांना अल्ला माफ करो," ती म्हणाली. "मुद्दाम थोडंच केलं असेल त्यांनी."

मी "हो" म्हणालो, आणि शकीलानं पुढं केलेला चहा प्यायलो.